मॉस्को चार बोटं उरलं

अण्णांच्या शर्टाच्या खिशात तीन वस्तू कायम असतात. चष्म्याचं घर, शाई वाळलेलं पेन आणि बांबूची एक पट्टी. पट्टी बरोबर ८९ मिलिमीटरची आहे. कानशीनं टोकं घासून, पॉलिशपेपर मारून, तेलाचं बोट फिरवून केलेली. कट्ट्यावर कुणी नवा माणूस आला की त्याच्यापुढे चहाच्या आधी ही पट्टी येते.

“हे बघा,” अण्णा ती त्याच्या तळहातावर ठेवतात. “किती आहे? चार बोटं आणि वर थोडं. बस्स. एवढ्यावर मॉस्को राहिलं.”

नवा माणूस आमच्याकडे बघतो. आम्ही चहाकडे बघतो.

अण्णा मिरजेच्या मालधक्क्यावर छत्तीस वर्षं मालबाबू होते. ज्यांनी तेव्हाची मिरज पाहिली नाही त्यांना या वाक्याचं वजन कळायचं नाही. एकाच गावात तीन मापांचे रूळ होते. पुण्याकडे ब्रॉडगेज, बेळगावकडे मीटरगेज, आणि पंढरपुरावरून कुर्डुवाडी-लातूरकडे नॅरोगेज. १६७६, १०००, ७६२ मिलिमीटर. काकूंचा वाढदिवस विचारला तर अण्णा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतात. हे तीन आकडे मात्र ते भूल दिलेल्या अवस्थेत, मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या टेबलावर, डॉक्टरांना सांगून आलेले आहेत.

तीन मापं म्हणजे काय, तर पुण्याकडून आलेलं लातूरचं पोतं इथं उतरवायचं आणि छोट्या वाघिणीत चढवायचं. मोठीतला माल छोटीत मावत नाही. उरलेली पोती फलाटावर. तेवढ्यात पाऊस. हमाल भाकरी खायला गेलेले. व्यापारी डेमरेज कुणी भरायचं म्हणून टेबलावर मूठ आपटतोय, आणि वरून कंट्रोलचा फोन, की वाघीण अजून रिकामी का नाही? असं छत्तीस वर्षं. माणूस अशानं एक तर बाटलीला लागतो, नाहीतर देवाला. अण्णा मॉस्कोला लागले.

निमित्त झालं बेवारस मालाच्या लिलावाचं. एका फुटक्या ट्रंकेबरोबर त्यांना दुसऱ्या महायुद्धाचा एक जाडजूड इंग्रजी इतिहास मिळाला. पहिला निम्मा भाग वाळवीनं खाल्लेला. त्यामुळे अण्णांचं महायुद्ध थेट २२ जून १९४१ ला, जर्मनी रशियात शिरली तिथून सुरू होतं. पोलंड, फ्रान्स, डंकर्क वगैरे भानगडी आधी होऊन गेल्या होत्या हे त्यांना बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि त्याबद्दल त्यांना आजही फारसं अगत्य नाही. “फ्रान्समध्ये काय विशेष? तिथं गेज एकच होता,” म्हणतात.

अण्णांची मॉस्कोवरची चढाई दरवर्षी तुळशीच्या लग्नाच्या आसपास सुरू होते. मिरजेची थंडी म्हणजे सकाळी आठला स्वेटर आणि साडेनवाला तो कमरेला बांधलेला. पण अण्णा १५ नोव्हेंबरला माकडटोपी काढतात, कारण १९४१ साली त्याच तारखेला मॉस्कोवरच्या मोहिमेचा दुसरा टप्पा सुरू झाला. स्टेशनाबाहेरच्या चहाच्या गाड्यापुढच्या दगडी कट्ट्यावर ते उत्तरेकडे तोंड करून बसतात. उजवा गुडघा म्हणजे तुला शहर, डावा गुडघा म्हणजे कालिनिन, आणि मधे पोटावर मॉस्को. वयोमानानं मॉस्को दरवर्षी थोडं वाढतंय.

कट्ट्यावर त्यांचे कायमचे विरोधक म्हणजे गुरुजी. गुरुजींनी हायस्कुलात तीस वर्षं इतिहास शिकवला आणि पाठ्यपुस्तकात होतं तेच शिकवलं, की रशियाच्या थंडीनं नेपोलियनला हरवलं आणि रशियाच्या थंडीनंच हिटलरला हरवलं. थंडी म्हटलं की अण्णांच्या कपाळाची शीर उठते.

“थंडी? गुरुजी, ऑक्टोबरात थंडी होती काय? ऑक्टोबरात चिखल होता!”

आणि इथून पुढे जे अण्णा सांगतात ते खरं असतं, ही त्यांची खरी अडचण आहे. बढाईखोर माणसाला गप्प करता येतं. बरोबर असलेल्या बढाईखोराचं काय करायचं?

टायफून नावाची मोहीम सुरू झाली ऑक्टोबरच्या आरंभी. व्याझ्मा आणि ब्रियान्स्कला रशियाच्या फौजाच्या फौजा वेढल्या गेल्या, जर्मनांनी सहा लाखांहून जास्त कैद्यांचा आकडा लावला. मॉस्कोपुढे अडवायला फार थोडं उरलं होतं. सरकारी कचेऱ्या आणि वकिलाती कुइबिशेवला हलल्या, १६ ऑक्टोबरला शहरात पळापळ उडाली, मेट्रोसुद्धा त्या सकाळी बंद. आणि नेमका तेव्हा पाऊस आणि वितळणारा बर्फ. रशियन लोक त्या दिवसांना रास्पुतित्सा म्हणतात. हा शब्द अण्णा असा उच्चारतात की म्हैसाळच्या शिवारातल्या काळ्या रानात पाय रुतल्यासारखं वाटतं. रणगाडे, तोफा, ट्रक, सगळं आसापर्यंत. मग नोव्हेंबरच्या मध्याला जमीन गोठली आणि रस्ते दगडासारखे कडक झाले.

“म्हणजे थंडी आली म्हणून तर गाड्या हलल्या ना, गुरुजी! आधी तुमच्या थंडीचे आभार माना, मग तिला शिव्या घाला.”

गुरुजी चष्मा पुसतात. थंडी पुढं उणे तिसाच्या खाली गेली, तेव्हा इंजिनाचं तेल गोठलं, बंदुका अडकल्या, माणसांची बोटं गेली, हे त्यांना म्हणायचं असतं. पण तोवर पट्टी बाहेर आलेली असते.

रशियाचा रूळ तेव्हा १५२४ मिलिमीटरचा, जर्मनांचा १४३५ चा. फरक ८९. आता कुणालाही वाटेल की अण्णा म्हणणार, बघा, रूळ जुळेना म्हणून घोडं अडलं. नाही. ते ऐकणाऱ्याला तिथं पोचू देतात आणि मग पाय ओढतात.

“रूळ सरकवणं पोरखेळ आहे रे! लाकडी स्लीपर. खिळे काढायचे, एक रूळ चार बोटं आत घ्यायचा, खिळे ठोकायचे. रुंदाचा अरुंद करणं सोपं, स्लीपर लांबच असतो. उलटं करायचं असतं तर स्लीपर पुरला नसता. जर्मनांच्या रेल्वे पलटणींनी मैलोन् मैल तसं केलं. मग अडलं कुठं?”

इथं ते थांबतात. नव्या माणसानं ‘कुठं?’ म्हणायचं असतं. तो म्हणाला नाही तर गाडेवाला म्हणतो. त्याला दुकान बंद करून जेवायला जायचं असतं.

“पाण्यात!”

रशियाची इंजिनं मोठी, त्यांच्या टेंडरमध्ये पाणी जास्त मावायचं. म्हणून तिथं पाणी भरायच्या टाक्या लांब लांब अंतरावर. रूळ अरुंद केला की त्यावर रशियाचं पकडलेलं इंजिन चालत नाही, आणि तुमचं छोटं इंजिन पुढच्या टाकीपर्यंत पोचत नाही. तहानेनं मधेच उभं. म्हणजे नव्या टाक्या बांधा. तिथला कोळसा तुमच्या भट्टीला सोसत नाही, म्हणजे कोळसाही घरून आणा. तो आणायला पुन्हा वाघिणी. शिवाय जर्मन इंजिनाच्या पाण्याच्या नळ्या बॉयलरच्या बाहेरून फिरवलेल्या. पारा घसरला की नळी गोठली, फुटली. डिसेंबरात त्यांची बहुतेक इंजिनं अशी शेडात पडून होती.

“इथं थंडी आली ना, अण्णा?” गुरुजी हळूच म्हणतात.

“आली. पण कुठं आली? नळीत आली. तुम्ही मुलांना नळीचं शिकवलंत काय?”

मला अण्णांचं म्हणणं बरंचसं पटतं, सगळं नाही. मॉस्कोच्या वाटेवर खंदक खणायला लाखो बायका-मुली निघाल्या होत्या, आणि जे उभे राहिले ते मरेपर्यंत उभे राहिले. हे कुठल्याच वॅगन रजिस्टरात चढत नाही. एकदा गुरुजींनी तेच सुनावलं. “माणसं लढली, अण्णा. वाघिणी नाही लढल्या.” अण्णा बराच वेळ बशीत चहा फिरवत राहिले. मग म्हणाले, “लढली. ती भाकरी कशातून आली तेवढं मी बघतोय. माझं काम तेवढंच होतं ओ.” त्या दिवशी पट्टी खिशातच राहिली.

पण अशी सकाळ वर्षातून एखादी. एरवी त्यांची सर्वांत लाडकी जागा म्हणजे ओर्शा. १३ नोव्हेंबर १९४१ ला जर्मन लष्कराच्या जनरल स्टाफचे प्रमुख हाल्डर खास गाडीनं ओर्शाला आले आणि पूर्व आघाडीवरच्या सेनांचे चीफ ऑफ स्टाफ बोलावून शेवटच्या चढाईची बैठक घेतली. मॉस्कोच्या कितीतरी पलीकडच्या गॉर्कीपर्यंत जायची भाषा झाली. गुडेरियन या सेनापतीच्या माणसानं तोंडावर सांगितलं, की हा काही मे महिना नाही आणि आपण काही फ्रान्समध्ये लढत नाही. रसद खात्याचा माणूसही तिथं हजर. तरी चढाई ठरली.

या प्रसंगात इतिहासकारांना काय दिसतं ते दिसो. अण्णांना दिसते ती खास गाडी.

“साहेबाची स्पेशल येते म्हणजे काय होतं, ठाऊक आहे काय? मालगाड्या लूपलाइनला! दोन दिवस आधीपासून लाइन मोकळी ठेवायची, फलाट झाडायचा, स्टेशनमास्तरनं टोपी शोधायची. आणि कुठं आली ती स्पेशल? ओर्शाला. जंक्शनवर! फौजेची रसद जिथून जायची त्या जंक्शनवर स्पेशल उभी करायची, आणि आत बसून रसद का येत नाही यावर चर्चा करायची!” एवढं बोलून ते असे हसतात की त्यांना ठसका लागतो. छत्तीस वर्षांत त्यांच्या धक्क्यावर अशा किती स्पेशल आल्या असतील ते त्या ठसक्यात ऐकू येतं.

सोव्हिएत बाजूबद्दल त्यांना आदर आहे, पण तोही मालबाबूचा. झेंडा, भाषणं, ७ नोव्हेंबरला लाल चौकात बर्फात झालेलं संचलन, यांवरून ते भर्रकन पुढं जातात. त्यांचे डोळे भरून येतात ते १५२३ या आकड्यावर. जुलै ते नोव्हेंबर १९४१ मध्ये सोव्हिएत सरकारनं १५२३ कारखाने उपटून, वाघिणींत घालून, पूर्वेला नेऊन उभे केले, असा त्यांचा अधिकृत आकडा आहे. लेथ, भट्ट्या, कामगार, त्यांची पोरं, सगळं. त्याच रुळांवर उलट दिशेनं सायबेरियाकडच्या पलटणी मॉस्कोला येत होत्या. “एकीकडून कारखाना जातोय, एकीकडून पलटण येतेय, आणि गाडीला गाडी धडकत नाही! त्या कंट्रोलरचं नाव कुणी लिहिलं काय? झुकोव्हचा पुतळा सगळ्यांनी बघितला.” मग थोडं थांबून, “आणखी एक कारखाना हलवला असता तर १५२४ झाले असते. गेज जुळला असता.”

झुकोव्हचं नाव निघालं आणि आमच्या कट्ट्याच्या राजकारणाला वेगळं वळण लागलं. कट्ट्याजवळच एका शिंप्याचं दुकान आहे. मास्तरांना युद्धाशी देणंघेणं नव्हतं. काजं करता करता ऐकायचे. एकदा अण्णा बोलता बोलता सांगून गेले, की मॉस्को वाचवणारा झुकोव्ह हा चांभाराचा पोरगा, आणि लहानपणी त्याला मॉस्कोत मामाकडे फर शिवायच्या कामाला ठेवलं होतं. मास्तरांची कात्री हवेत थांबली.

“फर? म्हणजे थंडीचे कोट?”

“होय की.”

“आणि समोरच्यांकडे थंडीचे कोटच नव्हते म्हणता?”

नव्हतेच. जर्मनांनी ते केले होते थोड्या फौजेपुरते, कारण थंडीच्या आत लढाई संपणार होती. जे केले तेही मागे पोलंडातल्या गोदामांत पडून, कारण आघाडीकडे जाणाऱ्या गाडीत आधी दारूगोळा, मग इंधन. कपड्यांना वाघीण मिळेना. २० डिसेंबरला गोबेल्सनं रेडिओवरून लोकांना आवाहन केलं, की घरातले लोकरी कपडे, फर काढून द्या. तोवर सोव्हिएत प्रतिहल्ला सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते.

“म्हणजे,” मास्तर सावकाश म्हणाले, “शिंप्यानं हरवलं.” त्या दिवसापासून कट्ट्यावर तिसरा पक्ष निघाला, आणि मास्तरांना गावात झुकोव्ह म्हणतात. दिवाळीत ब्लाउज वेळेवर मिळाला नाही तर बायका “त्या झुकोव्हनं दगा दिला” असं बोलताना मी ऐकलं आहे.

अण्णांचा खरा पराभव म्हणाल तर दोनदा झाला. एकदा घरी. कट्ट्यावर पाऊस होता म्हणून त्यांनी स्वयंपाकघरात नकाशा मांडला. पोळपाट म्हणजे मॉस्को. लाटणं म्हणजे मॉस्को-व्होल्गा कालवा. तांदूळ जर्मन, तूरडाळ सोव्हिएत. २८ नोव्हेंबरला याख्रोमाच्या पुलावरून मूठभर तांदूळ लाटण्यापलीकडे गेले आणि दुसऱ्या दिवशी डाळीनं त्यांना मागे रेटलं. क्रास्नाया पोल्यानाला तांदूळ पोळपाटापासून तीसएक किलोमीटरवर आले, म्हणजे, अण्णा मला समजावत होते, जयसिंगपुरात येऊन बसायचं आणि कोल्हापूर दिसतंय म्हणायचं. तेवढ्यात काकू आल्या.

“अहो, पोळ्या करायच्यात.”

“अगं, पाच डिसेंबर येऊ दे. प्रतिहल्ला आहे.”

काकूंनी आधी कालवा उचलला, मग मॉस्को. उरलेल्या दोन्ही फौजा त्यांनी एकाच हातानं सुपात ओढल्या. एवढं धान्य निवडून वेगळं कोण करणार? त्या रात्री खिचडी झाली. मलाही आग्रह करून वाढली.

दुसरा पराभव मोबाइलनं केला. कॉलेजातला एक पोरगा पट्टी हातात घेऊन म्हणाला, “अण्णा, रशियाचा गेज १५२० आहे. हे बघा. म्हणजे फरक ८५.” कट्टा गप्प. अण्णांचा हात खिशाकडे गेला, पण खिसा तर रिकामा, पट्टी पोराकडे. मग ते जे बोलले ते मी आयुष्यात विसरणार नाही. “१५२० त्यांनी नंतर केला. सत्तर सालाच्या सुमाराला. चढाई एक्केचाळीसची आहे. तुझ्या फोनला सांग, मॉस्कोवर जायचं तर तारीख बघून जा.” मुलगा वरमला. पण अण्णा त्या दिवशी लवकर उठले. दुसऱ्या दिवशी गाडेवाल्यानं सांगितलं, की रात्री अण्णा पट्टी घेऊन सुताराकडे गेले होते, बरोबर ८९ आहे का मोजून घ्यायला.

डिसेंबरच्या अखेरीस मोहीम आवरते. जर्मन सेनापतींपैकी बॉक गेला, ब्राउखिच गेला, नाताळात गुडेरियनलाही घरी बसवलं. ही यादी अण्णा अजिबात आनंदानं सांगत नाहीत. “वाघीण अडकली की बाबूची बदली. वाघीण तिथंच.” आणि माकडटोपी ट्रंकेत जाते.

यंदा मात्र मोहीम लांबली. अण्णांचा धाकटा मुलगा स्टुटगार्टला असतो. वडील कट्ट्यावर थंडीत बसतात हे ऐकून त्यानं नोव्हेंबरात एक जाड, आतून लोकर लावलेलं जाकीट पार्सलनं पाठवलं. डिसेंबर गेला. संक्रांत गेली. पार्सल कुठं आहे म्हणून काकूंनी चारदा फोन करवला. दरवेळी ते वेगळ्याच गावच्या गोदामात निघायचं. अण्णा मात्र शांत. इतके शांत, की काकूंना काळजी वाटायला लागली. जसजसा उशीर होत गेला तसतसं त्यांच्या चेहऱ्यावर तेज चढत गेलं. होळीला ते मला म्हणाले, “येऊ दे सावकाश. घाई नको.”

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पार्सल आलं. मिरजेत तेव्हा सकाळी दहालाच डांबर मऊ होतं.

आम्ही कट्ट्यावर होतो. लांबून काहीतरी गडद निळं, फुगलेलं, रस्त्याच्या मधोमध येताना दिसलं. गळ्यापर्यंत चेन ओढलेली. रिक्षावाले थांबून बघत होते. मास्तरांच्या दुकानाशी येऊन ते थांबलं आणि पायरीवर बसलं. आम्ही धावलो.

अण्णांचा चेहरा लालबुंद, कानांतून घाम, पण डोळे चमकत होते. “जर्मनीहून,” ते म्हणाले, “थंडीचे कपडे. पुन्हा उशिरा.” मग उजवा हात खिशाकडे नेला. खिसा शर्टाला, शर्ट जाकिटाच्या आत. चेन ओढून बघितली. हलेना.

“मास्तर,” अण्णा म्हणाले, “आधी पाणी.”

मास्तरांनी माठातलं पाणी दिलं. दोन तांबे. मग मेणबत्तीचा तुकडा शोधून आणला, चेनवर घासला, आणि अण्णांपुढे उकिडवे बसून एक एक दात सोडवायला लागले. गुरुजी सावलीला उभे राहून वर्तमानपत्रानं वारा घालत होते.

“काय झुकोव्ह,” गाडेवाला लांबूनच ओरडला, “घेतलंस काय ताब्यात?”

“थांब की जरा,” तोंडात टाचणी धरलेले मास्तर म्हणाले, “लोकर अडकलीय.”